देव माणूस झाला म्हणजे नेमकं काय झालं?

डिसेंबरच्या टपालात दरवर्षी चांदणी कधी लावायची, गोठा कसा सजवायचा असे प्रश्न असतात. या वेळी मात्र बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत: देवाने मानवी देह घेतला, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणते त्याचा अर्थ काय? मराठी ख्रिस्ती मंडळी याला देहधारण म्हणतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. ही श्रद्धा बाळगावी की नाही, हे सांगणं या सदराचं काम नाही. ती काय म्हणते आणि तसं का म्हणते, एवढंच नीट मांडायचं आहे.

प्रश्न : दशावतार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ख्रिस्ती लोकही म्हणतात की देव पृथ्वीवर माणूस म्हणून जन्मला. मग येशूला अवतार म्हणायला हरकत काय? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : हरकत सगळ्याच ख्रिस्ती विचारवंतांनी घेतलेली नाही. मद्रासचे वकील आणि कामगार पुढारी वेंगल चक्करै यांनी १९२०च्या दशकात ‘जीझस द अवतार’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. साम्य उघड आहे. दोन्हीकडे देव वर बसून तमाशा पाहत नाही, तो खाली येतो. पण पुढे गेलं की तीन ठिकाणी वाटा वेगळ्या होतात.

पहिला फरक संख्येचा. अवताराची कल्पना गीतेने मांडली ती युगायुगांची: धर्माला ग्लानी आली की देव पुन्हा येतो. ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडतं आणि त्याला गाव, काळ, सरकार सगळं आहे. रोममध्ये सम्राट ऑगस्टस, यहूदीयात हेरोद राजा, जन्माचं गाव बेथलेहेम. जगभरच्या चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, येशूखेरीज दोनच माणसांची नावं येतात. एक मरिया, त्याची आई. दुसरा पंतय पिलात, ज्याच्या हुकमाने त्याला क्रूसावर चढवलं तो रोमन अधिकारी. इतक्या पवित्र मजकुरात या सुभेदाराला जागा कशाला? तर ही गोष्ट ‘कोणे एके काळी’ घडलेली नाही, हे बजावायला. पिलाताची कारकीर्द इ. स. २६ ते ३६ची.

दुसरा फरक कामाचा. नरसिंह हिरण्यकशिपूला फाडतो, राम रावणाला मारतो, कृष्ण कंसाला. येशू कोणालाच मारत नाही. उलट तोच मारला जातो, आणि हे मरण त्याच्या कामातला अडथळा नसून तेच त्याचं काम होतं, असं त्याचे अनुयायी मानतात.

तिसरा फरक सगळ्यांत मोठा, आणि तुम्ही कणकवलीचे असल्यामुळे तो चटकन लक्षात येईल. दशावतारी नाटकात रात्रभर देव होऊन वावरलेला नट पहाटे दहीकाला झाला की मुकुट उतरवतो, तोंडाचा रंग धुतो आणि घरची वाट धरतो. येशूचं माणूसपण असंच होतं, असं मानणारा एक पंथ पहिल्या-दुसऱ्या शतकांत ख्रिस्ती मंडळींतच होता. देवाला घाम कसा येईल, देव मरेल कसा, असा त्यांचा सवाल. म्हणून ते म्हणत, देह नुसता दिसत होता, वेदना नुसत्या भासत होत्या. मुख्य ख्रिस्ती प्रवाहाने हे मत ठामपणे नाकारलं. देह खरा, भूक खरी, मरण खरं. एवढंच नव्हे, तर शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांतल्या, कथेत पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा आहेत आणि शिष्यांसमोर तो भाजलेला मासा खातो. स्वर्गात जातानाही तो देह मागे ठेवून जात नाही. एकदा घेतलेलं माणूसपण देवाने परत उतरवलेलं नाही, असा याचा अर्थ.

अर्थात अवताराबद्दल हिंदू परंपरेतही एकच एक मत नाही. सीतेसाठी झाडावेलींना विचारत फिरणाऱ्या रामाचा शोक अनेक भाष्यकार लीला मानतात, पण कीर्तनात तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते खरंच असतं. कीर्तनाला सरावलेल्या या कानाची ओळख असलेल्या दोघांनी ख्रिस्ताची कथा मराठीत मुद्दाम त्याच वळणाने सांगितली. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, रोमन लिपी, भाषा मात्र मराठी, आणि स्वर्गासाठी शब्द वैकुंठ. पुढे तीन शतकांनी ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. पुराण आणि रामायणाचा घाट घेतला तरी आतला मुद्दा दोघांनी सैल होऊ दिला नाही.

प्रश्न : येशू हा मुळात एक सत्पुरुष होता, त्याला देव ठरवलं ते चौथ्या शतकात परिषदेत मतदान घेऊन, असं वाचलं. हे खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने हे मत घरोघर पोचवलं. मात्र तारखा त्याच्या बाजूच्या नाहीत.

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र येशूच्या मृत्यूनंतर साधारण तीसेक वर्षांतलं आहे. त्यात तो सांगतो की ख्रिस्त देवाच्या पदी असूनही त्याने ते पद धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेऊन क्रूसाच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की हा भाग पौलाच्याही आधीच्या एखाद्या भजनातून आला असावा. बाहेरचा साक्षीदार हवा असेल तर तोही आहे. इ. स. ११२च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला अहवाल पाठवला. पकडलेले ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं गातात, अशी माहिती त्याने त्यात दिली आहे. ख्रिस्ती लोकांशी त्याला काडीचंही प्रेम नव्हतं. कबुलीवर ठाम राहिलेल्यांना तो देहदंड देत होता.

गंमत अशी की सुरुवातीचं भांडण आपल्याला वाटतं त्याच्या उलट टोकाचं होतं. येशूचं देवपण पटत नाही असं म्हणणारे होतेच, पण त्याचं माणूसपण पटत नाही म्हणणारे मंडळींना जास्त जड गेले. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी बेड्या घालून रोमला नेलं जात होतं, श्वापदांपुढे टाकण्यासाठी. वाटेत लिहिलेल्या पत्रांत त्याने पुन्हापुन्हा सांगितलं की येशू खरोखर जन्मला, खरोखर जेवला, खरोखर मेला. त्याचं दुःख नुसता भास असेल, तर मी या साखळदंडांत कशासाठी आहे, हा त्याचा सवाल. याला पुस्तकी वाद म्हणणं कठीण आहे.

मग ३२५ साली निकेयाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, काय झालं? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवत होता की पुत्र हा सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ आणि सगळ्यांत आधीचा, पण तरीही निर्माण केलेला. म्हणजे एरियसही येशूला ‘नुसता सत्पुरुष’ म्हणत नव्हता. प्रश्न होता तो देवाच्या किती जवळचा याचा. सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या सुमारे तीनशे बिशपांनी ठरवलं की पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे. अखेरपर्यंत सही नाकारणारे बिशप दोनच निघाले.

मतदानाने प्रश्न सुटत असता तर तो तिथे सुटला असता. पण पुढचे सम्राट एरियसच्या बाजूला झुकले आणि निकेयाचा कैवार घेणाऱ्या अथानेशियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. आयुष्याची सतरा वर्षं त्याची परागंदा गेली. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने निकेयाचं मत पक्कं केलं, तेव्हा तो हयात नव्हता. एवढा हट्ट कशासाठी? कारण पुत्र हा निर्मितीपैकी एक असेल, तर देव स्वतः आलाच नाही, त्याने आपला प्रतिनिधी पाठवला, एवढंच उरतं.

प्रश्न : येशू देव होता तर त्याला भूक कशी लागायची? भीती कशी वाटायची? आणि देवाला तर सगळं माहीत असतं ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना हे सगळं झाकता आलं असतं. त्यांनी झाकलं नाही. शोमरोनात भर दुपारी चालून थकलेला येशू विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या परक्या बाईकडे पाणी मागतो. वादळात होडी हेलकावत असताना तो उशी घेऊन झोपलेला असतो. मित्र लाजर याच्या कबरीजवळ रडतो. बालपणाबद्दल लूक सांगतो की तो शहाणपणाने वाढत गेला. जो वाढतो त्याला आधी कमी कळत असणार. आणि शेवटच्या दिवसाची घटका कधी येईल हे आपल्याला माहीत नाही, पित्यालाच ठाऊक, असं तो स्वतः म्हणतो.

यावर एक सोपा तोडगा लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस याने काढला होता: देह माणसाचा, पण आतल्या मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे पुत्र. म्हणजे घर मानवी, राहणारा दैवी. हा तोडगा फेटाळला गेला. नाझियान्झसचा ग्रेगरी याने उत्तर दिलं की ख्रिस्ताने माणसाचं जे स्वीकारलंच नाही ते बरं कसं होणार? माणूस बिघडतो तो मुख्यतः मनाने. तेच वगळलं तर आजारावरच औषध नाही.

४५१ साली कॅल्सेडॉनला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या काडिकॉयला, परिषद भरली आणि सूत्र ठरलं: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी. ते मिसळत नाहीत, बदलत नाहीत, दुभंगत नाहीत, वेगळे होत नाहीत. हे चारही नकार आहेत. दोन स्वभाव एकत्र कसे राहतात हे परिषद सांगतच नाही. कुठे घसरायचं नाही तेवढ्या खुणा करून थांबते. सूत्र सगळ्यांना पटलंही नाही. इजिप्तचे कॉप्ट, आर्मेनियन आणि सीरियन परंपरेच्या मंडळी वेगळ्या झाल्या. केरळातली मलंकरा ऑर्थोडॉक्स मंडळी त्याच परंपरेतली. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनुदा तिसरे यांनी एकत्र निवेदन काढलं, तेव्हा दोघांची श्रद्धा मुळात तीच आहे आणि भांडण बरंचसं परिभाषेचं होतं, हे स्पष्ट झालं. मधे पंधरा शतकं गेली.

भीतीबद्दल तुम्ही विचारलं आहे. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू घाबराघुबरा होतो आणि हा प्याला टळावा अशी विनवणी करतो, पण शेवटी पित्याची इच्छा स्वीकारतो. सातव्या शतकात वाद झाला: ख्रिस्ताला इच्छा एकच, की दोन? बायझंटाइन दरबाराला ‘एकच’ हे उत्तर हवं होतं, कारण त्याने दुरावलेल्या मंडळी परत जोडता येतील असा राजकीय हिशेब होता. मॅक्सिमस नावाचा वृद्ध संन्यासी ऐकेना. मानवी इच्छा नसेल तर त्या बागेत झगडलं कोण, हा त्याचा मुद्दा. ६६२ साली त्याची जीभ आणि उजवा हात कापून त्याला काळ्या समुद्राच्या पलीकडे हद्दपार केलं, त्याच वर्षी तो वारला. ६८१च्या परिषदेने त्याचंच मत मान्य केलं. येशूची भीती खरी होती, या वाक्यासाठी एका माणसाने एवढं मोजलं.

प्रश्न : येशू बाळ असताना जग कोण चालवत होतं? (इयत्ता आठवीतली वाचक, सांगली)

उत्तर : प्रश्न साधा वाटला तरी थोर थोर लोकांना त्याने झोपू दिलेलं नाही.

अथानेशियसचं उत्तर असं: देवाचा पुत्र त्या बाळाच्या देहात खरोखर होता, पण त्या देहात कोंडलेला नव्हता. पाळण्यातही तो होता आणि ताऱ्यांनाही तोच धरून होता. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत देव एक असला तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्याचं त्रैक्य आहे. देह घेतला तो पुत्राने. त्यामुळे देवाचं सिंहासन रिकामं पडलं, असा प्रसंग कधी आला नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतला धर्मशास्त्रज्ञ गॉटफ्रीड थोमासियस याने वेगळं उत्तर दिलं. पुत्राने माणूस होताना सर्वज्ञता आणि सर्वशक्ती काही काळ बाजूला ठेवली, पण प्रेम आणि पावित्र्य सोडलं नाही. अनेकांना हे पटलं नाही. सर्वशक्ती सोडलेला देव हा देव राहतो का, अशी शंका त्यांनी काढली. तू कोणाची बाजू घेशील ते शाळेत मैत्रिणींशी बोलून ठरव. तुझ्यापेक्षा मोठ्यांचंही अजून एकमत झालेलं नाही.

प्रश्न : सर्वशक्तिमान देवाला माणसाचं पाप बसल्या जागी माफ करता आलं नसतं का? एवढा खटाटोप कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हाच प्रश्न सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बोसो नावाच्या शिष्याने कॅन्टरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांना विचारला. राजाशी बिनसल्यामुळे अँसेल्म इटलीत परदेशवास भोगत होते. तिथे १०९८ मध्ये त्यांनी पुरं केलेलं ‘देव माणूस का झाला’ हे लॅटिन पुस्तक गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतच लिहिलेलं आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: पाप म्हणजे देवाचं देणं बुडवणं. ते फेडायचं माणसाने, कारण ऋण त्याचं. पण ते इतकं मोठं की फेडू शकेल फक्त देव. मग फेडणारा देवही हवा आणि माणूसही हवा. तर्क घट्ट आहे. मात्र त्याला सरंजामी काळाचा वास येतो, असं टीकाकार म्हणतात. मालकाची बेअब्रू झाली की भरपाई द्यायची, हा त्या काळचा व्यवहार.

पुढच्याच पिढीत पॅरिसच्या पीटर अबेलारने दुसरी बाजू मांडली. देवाला भरपाई नको होती. तो माणसांत आला, त्यांच्यासाठी मेला, हे प्रेम पाहून माणसाच्या मनात प्रेम जागं व्हावं, तेच खरं तारण. यावर आक्षेप असा की नुसतं उदाहरण पाहून माणूस सुधारतो, यावर अनुभवाचा फारसा पाठिंबा नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचं उत्तर आणखी वेगळं आणि जास्त जुनं. तिथे दंड, ऋण ही भाषा कमी आहे. माणूस मरणाच्या आणि नाशाच्या कह्यात गेला होता. देवाने माणसाचं आयुष्य आतून जगून ते नाशाच्या हातून सोडवलं आणि माणसाला देवाच्या जीवनात सहभागी होण्याचा रस्ता मोकळा केला. अथानेशियसने तरुणपणी देहधारणावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकाचा गाभा हाच.

आता एक प्रश्न उलटून विचारू. माणसाने पाप केलंच नसतं तर? थॉमस अॅक्विनास म्हणतो, शास्त्रात देहधारणाचं कारण पाप हेच दिलेलं आहे, तेव्हा पाप नसतं तर बहुधा ते झालं नसतं. १३०८ मध्ये वारलेला फ्रान्सिस्कन विचारवंत डन्स स्कोटस म्हणतो, देवाचं सगळ्यांत मोठं काम माणसाच्या चुकीवर अवलंबून कसं असेल? देवाला माणसांत यायचंच होतं. पाप झालं म्हणून त्या येण्यात क्रूस आला.

चर्चने या दोघांपैकी कोणालाच पाखंडी ठरवलं नाही, दोन्ही मतांना जागा आहे. मला स्कोटसचं उत्तर अधिक भावतं. अॅक्विनासकडून देहधारण ही दुरुस्ती वाटते. स्कोटसकडून ते देवाच्या मनातलं आधीपासूनचं ठरतं, आणि त्या मनात माणसाची किंमत पापाच्या आधीपासून आहे, असं निघतं.

प्रश्न : येशू पंचवीस डिसेंबरलाच जन्मला याला पुरावा काय? (एक वाचक, वसई)

उत्तर : शुभवर्तमानांत तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण होत असल्याची सर्वांत जुनी नोंद एका पंचांगवजा संग्रहात आहे. तो संग्रह ३५४ सालचा, पण त्यातला मजकूर ३३६च्या सुमाराचा. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते.

पण देहधारणाचा नेमका सण नाताळ नव्हे. तो २५ मार्च, म्हणजे बरोबर नऊ महिने आधी, देवदूताने मरियेला निरोप दिला आणि तिने होकार दिला तो दिवस. बाळ जन्मल्यावर देव माणूस झाला असं नाही, आईच्या उदरातच झाला, हा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्षसुद्धा याच दिवशी सुरू व्हायचं. कॅथलिक मिस्सेत दर रविवारी मतांगीकारातलं देहधारणाचं वाक्य येतं तेव्हा लोक मान लववतात. वर्षातून दोन दिवस मात्र त्या वाक्याला गुडघे टेकतात: नाताळला आणि २५ मार्चला. यंदा वसईच्या चर्चमध्ये नाताळच्या मिस्सेला तेवढं लक्ष देऊन पाहा.

गोठ्यातल्या बैल-गाढवांबद्दलही तुम्ही लिहिलं आहे. लूकच्या कथेत गव्हाण आहे, जनावरं नाहीत. ती यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून आली. १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी गवत पसरून, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ साजरा केला. गोठा मांडण्याच्या प्रथेला तिथून जोर आला.

प्रश्न : बायबलमध्ये मूर्तीला बंदी आहे, तरी वसईच्या चर्चमध्ये मूर्ती आणि अहिल्यानगरच्या चर्चमध्ये नुसता क्रूस, असं का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चर्चमधली चित्रं फोडायला सुरुवात केली, तेव्हा हाच वाद रस्त्यावर आला. जेरुसलेमजवळच्या मठात राहणाऱ्या दमास्कसच्या योहानाने चित्रांची बाजू मांडली. अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरं. पण देव दिसेल, हाताला लागेल असा माणूस झाला असेल, तर त्याचं चित्र नाकारणं म्हणजे तो खरा माणूस झालाच नाही असं म्हणणं. ७८७च्या दुसऱ्या निकेया परिषदेने ही बाजू मान्य केली: पूजा देवाची, चित्राला फक्त मान.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत कॅल्विनच्या वाटेने गेलेल्यांनी चित्रंमूर्ती पुन्हा बाहेर काढल्या. वसईला श्रद्धा आली पोर्तुगीज कॅथलिकांकडून, नगरला अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंटांकडून. त्यामुळे भिंती वेगळ्या दिसतात. देहधारणावरचा विश्वास मात्र दोन्हीकडे एकच.

प्रश्न : हे सगळं परिषदांचं आणि पंडितांचं झालं. साध्या ख्रिस्ती माणसाच्या जगण्यात याने काय फरक पडतो? (एक वाचक, मिरज)

उत्तर : लूकच्या शुभवर्तमानातला एक बारीक तपशील पाहू. बाळंतपणानंतर मरिया आणि योसेफ मंदिरात अर्पण करायला जातात. नियमशास्त्राप्रमाणे कोकरू द्यायचं. ज्याला ते परवडत नसेल त्याने पारव्यांची किंवा होल्यांची जोडी द्यायची. मरिया-योसेफांच्या बाबतीत लूक या जोडीचाच उल्लेख करतो. हिशेब सोपा आहे: ज्या घरात देव जन्मला असं ही श्रद्धा म्हणते, त्या घराला कोकरू परवडत नव्हतं. पुढे तो नासरेथमध्ये सुतारकाम करतो आणि वयाच्या तिशीच्या आसपास शिकवायला बाहेर पडतो. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग करवत-रंध्यात गेला.

देवाने देह घेतला असेल तर देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग उरत नाही. भुकेल्याला अन्न, उघड्याला कपडा, तुरुंगातल्याला भेट, आजाऱ्याची सेवा या गोष्टी पुण्य गाठीला बांधण्यापुरत्या राहत नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की या लहानांपैकी एकासाठी केलं ते माझ्यासाठीच केलं. तुमच्या मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उघडलेलं रुग्णालय आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला उभं केलेलं मुक्ती सदन ही या विचाराची महाराष्ट्रातली ठळक उदाहरणं. रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मुली-बायकांना आसरा दिला आणि उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. भाकरी आणि शास्त्र ही दोन कामं त्यांना वेगळी वाटली नाहीत.

पण फक्त एवढंच सांगितलं तर उत्तर अर्धं राहील. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधल्या थोड्या खंडाखेरीज, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं आणि देहधारी देवाच्या नावाने माणसांच्या देहाचे हाल झाले. तिथल्या चर्चच्या बंधुसंघांत जातीवरून प्रवेश ठरायचा. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींना मेल्यावरही वेगळी दफनभूमी मिळते. हे करणाऱ्यांनी मतांगीकार रविवारी मोठ्याने म्हटला होता, त्या वाक्याला मानही लववली होती.

म्हणून देहधारण या श्रद्धेकडे मी कसोटी म्हणून पाहतो. तिची मागणी सोपी नाही: समोरचा माणूस, त्याची जात, कातडी, आजार, अंगाचा वास यांसकट, देवाने स्वतःसाठी पसंत केलेल्या स्थितीत आहे असं समजून वागायचं. बिगरख्रिस्ती माणसाला ती गंभीर कल्पना म्हणून पारखता येईल, मानली नाही तरी चालेल. जे ती मानतो म्हणतात त्यांना मात्र सवलत नाही. या कसोटीला पहिले उभे राहतात ते चर्चमधले लोकच.